शुक्रवारी गर्दी, शनिवारी घाई

पवित्र सप्ताह सरला की धर्मगुरूच्या मनात एक हिशेब आपोआप सुरू होतो. हा हिशेब दानपेटीचा नसतो, माणसांचा असतो. झावळ्यांच्या रविवारी चर्च भरलेले असते. शुक्रवारी तर आवारातही पाय ठेवायला जागा उरत नाही. वर्षभर ज्यांचे दर्शन होत नाही अशी मंडळी त्या दिवशी काळे-पांढरे कपडे घालून, मुलाबाळांना घेऊन येतात. क्रूसाच्या चुंबनाची रांग तासाभरात संपत नाही, आणि भर उन्हात उभ्या राहिलेल्या त्या माणसांच्या तोंडून तक्रारीचा एक शब्द निघत नाही. चोवीस तास उलटतात. ज्या रात्रीवर आपला सारा विश्वास उभा आहे ती रात्र येते, आणि मागची बाके रिकामी दिसतात. जे येतात त्यांतील अनेकांची नजर वेदीपेक्षा मनगटावरील घड्याळाकडे अधिक वेळा जाते.

वसईच्या एका जुन्या, आता निम्म्याहून अधिक शहर झालेल्या धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू या नात्याने मी हे लिहितो आहे. माझे म्हणणे काहींना कडू लागेल. परंतु दरवर्षी गोड बोलून आपण जे गमावत आहोत, ते एकदा स्पष्ट शब्दांत मांडले जाणे आवश्यक आहे.

या आरोपातून मी स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या समितीच्या बैठकीत पाश्का जागरणाची वेळ सायंकाळी साडेसहा अशी ठरली. कारणे नेहमीचीच होती: वृद्धांची गैरसोय, लहान मुलांची झोप, रविवारचा स्वयंपाक. मी मान डोलावली. चर्चबाहेर नवा अग्नी पेटवला तेव्हा सूर्य अजून ताडांच्या शेंड्यांवर होता. पाश्काची मेणबत्ती उंच धरून, ख्रिस्त हाच प्रकाश आहे अशी घोषणा गात मी आत शिरलो. दारे-खिडक्यांतून ऊन आत येत होते. पहिल्या बाकावरील एका लहानग्याने आईला विचारले, ‘‘आई, ती पेटलीय का गं?’’ आईने त्याला दटावून गप्प केले. त्याच्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. उन्हात मेणबत्ती धरून अंधारावरील विजयाची घोषणा करणारा धर्मगुरू मुलांना काय शिकवीत असतो?

आपल्या लोकांची श्रद्धाच आटली, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी तसे म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. शुक्रवारी जी माणसे अश्रू ढाळतात तीच शनिवारी घरी राहतात. श्रद्धा आहे, तिला रात्रीची सवय नाही. ही सवय का लागली नाही, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासात ते सहसा कोणी लिहीत नाही.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन आले, येशूसंघीय आले, आणि सोळाव्या शतकातच वसईच्या गावोगावी चर्च उभी राहू लागली. नेमक्या याच काळात, १५६६ साली, पोप पाचवे पायस यांनी दुपारनंतर मिस्सा अर्पण करण्यास बंदी घातली. पाश्का जागरण मध्ययुगापासूनच हळूहळू अलीकडे सरकत होते. या बंदीने ते शनिवारच्या सकाळी पक्के झाले. पुढे १६४२ साली पोप आठवे अर्बन यांनी सक्तीच्या सणांची यादी आखडती केली, तेव्हा पवित्र शनिवारही कामाचा दिवस ठरला. म्हणजे वसईची ख्रिस्तसभा बाल्यावस्थेत असतानाच तिच्या हातून पाश्काची रात्र निसटली होती. शनिवारी सकाळी, शेतकरी वाडीत आणि कोळी समुद्रावर असताना, धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये लॅटिन भाषेत एकामागून एक बारा भविष्यपाठ वाचून काढीत, आणि लख्ख उजेडात रात्रीचे गुणगान गात. उन्हात मेणबत्ती धरणारा मी काही पहिला नव्हतो. सुमारे चार शतके सारी लॅटिन ख्रिस्तसभा तेच करीत होती.

शुक्रवारचे मात्र तसे झाले नाही. पोर्तुगीज भक्तिपरंपरेने क्रूसावरून उतरविलेल्या प्रभूची मूर्ती, दुःखी मातेची मूर्ती आणि मिरवणूक आणली. हे विधी वेदीवरच्या नियमांत अडकलेले नव्हते. ते लोकांचे होते, रस्त्यावरचे होते, आणि त्यांतील शोक समजायला लॅटिन यावी लागत नव्हती. लोकांनी शुक्रवार आपल्या खांद्यावर घेतला, तो अक्षरशः. प्रभूच्या मूर्तीला खांदा देण्याचा मान घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ज्याला खांदा दिला ते आपले झाले.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, युरोपीय व्रतस्थ निघून गेले, किल्ल्यातील मठ आणि भव्य चर्च ओस पडली. त्यांच्या भिंती आजही आपण पाहतो. पाहुण्यांना आपण त्या अभिमानाने दाखवतो, पण त्या भिंती पडल्यावरही वसईचा ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती कसा राहिला, हे सांगताना आपली जीभ अडखळते. तो राहिला तो घरातल्या प्रार्थनेमुळे, मागे उरलेल्या थोड्या देशी धर्मगुरूंमुळे, वाडीतल्या क्रूसामुळे आणि मुलाला बाप्तिस्म्यासाठी उचलून नेणाऱ्या आईबापांमुळे. आपल्या धर्मग्रामाचा खरा इतिहास तो हाच.

माझी आजी तिच्या लहानपणाचा शनिवार सांगत असे. गुरुवारपासून मुक्या झालेल्या घंटा शनिवारी सकाळी एकदम वाजू लागत, आणि विहिरीवर असलेली, रांधत असलेली माणसे जिथल्या तिथे हात जोडत. तिला जागरण ठाऊक नव्हते, तिला घंटा ठाऊक होत्या. पुनरुत्थान तिच्यासाठी दुरून ऐकू येणारी गोष्ट होती. यात तिचा दोष नव्हता. तिला आत कुणी बोलावलेच नव्हते.

बोलावणे आले ते फार उशिरा. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली हा विधी प्रयोगादाखल पुन्हा रात्री आणला, आणि १९५६ पासून साऱ्या लॅटिन ख्रिस्तसभेत तो रात्रीचाच ठरला. मग व्हॅटिकन विश्वपरिषद झाली. १९६३ सालच्या तिच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना दार उघडले आणि मराठी वेदीवर आली. जुन्या करारातील पाठ बारांवरून चार झाले होते. नव्या मिस्साग्रंथाने ते सात केले. संत ऑगस्टीनने जिला सर्व जागरणांची आई मानले ती रात्र, वसईत ख्रिस्ती धर्म रुजल्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, प्रथमच आपल्या माणसांच्या ओंजळीत, आपल्या भाषेत पडली.

आणि आपण तिचे काय केले? दोन पिढ्याही पुरत्या झाल्या नाहीत तोच आपण ती पुन्हा उजेडाकडे ढकलू लागलो. पूर्वजांकडून ती हिरावली गेली होती. आपण ती आपण होऊन परत करीत आहोत. रोममधून १९८८ साली पाश्काच्या सणाविषयी निघालेल्या परिपत्रकात, शनिवारच्या नेहमीच्या संध्याकाळच्या मिस्साची वेळ या जागरणाला लावणे निषेधार्ह ठरविले आहे. नियम असा आहे की अंधार पडल्यावर आरंभ करावा आणि पहाट फुटण्यापूर्वी समाप्ती करावी. हा नियम आम्हा धर्मगुरूंना पाठ आहे, तरी तो मोडताना आमचा हात थरथरत नाही. लोकांना दोष देण्याआधी हे आम्ही कबूल केले पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ध्वनिक्षेपकाच्या नियमाचा. रात्री दहानंतर मोकळ्या जागेत कर्णा लावता येत नाही, हे खरे. परंतु पुनरुत्थानाचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो, आणि त्या दिवसांत आपल्याकडे साडेसातपर्यंत अंधार पडतो. साडेसात ते दहा या अडीच तासांत संपूर्ण विधी सावकाश होतो. कायदा आपल्याला साडेसहाला बोलावत नाही, बोलावते ती आपली सोय.

दुसरा आक्षेप वृद्धांचा आणि मुलांचा. हेच वृद्ध आणि हीच मुले लग्नाच्या हॉलमध्ये मध्यरात्रीपर्यंत बसलेली मी पाहिली आहेत, आणि ३१ डिसेंबरला तर मुलांना झोप येतच नाही. जे खरोखर आजारी आहेत त्यांच्यासाठी रविवारचा मिस्सा आहेच. त्यांचे नाव पुढे करून धडधाकट माणसांनी आपली सुटका करून घेऊ नये. शिवाय आपण ज्या मातीत राहतो ती माती जागराला अनोळखी नाही. महाशिवरात्रीचे जागरण, सप्ताहातील रात्रभराचे कीर्तन हे आपले शेजारी पाळतात. देवासाठी एक रात्र जागावे, हे महाराष्ट्रातील माणसाला शिकवावे लागत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा: पाठ फार लांबतात. सातांऐवजी तीन वाचले की काम भागते, अशी पळवाट नियमातच आहे, आणि आपण ती राजमार्ग केली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, आणि त्याचे पहिले पुराण जगाच्या उत्पत्तीपासून इस्राएलाची कथा सांगते. म्हणजे पाश्काच्या रात्री आपण जे पाठ गाळतो, तेच स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती माणसाला त्याच्या मराठीत, त्याच्या ओवीत, उणे न करता दिले. त्या माणसाने ते लांबले म्हणून टाकून दिले नाही. आपण शिकलेले लोक. उत्पत्ती, अब्राहामाचा यज्ञ, तांबडा समुद्र, संदेष्ट्यांची वाणी ऐकायला आपल्याला तासभर नाही. इस्राएल लोक समुद्र ओलांडून गेल्याचा पाठ कधीही गाळता येत नाही, एवढेच नशीब.

शुक्रवारची भक्ती कमी व्हावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. त्या मिरवणुकीने आपल्याला शतकानुशतके तारले आहे. परंतु क्रूसापाशी येऊन घरी परतणाऱ्याने अर्धाच प्रभू पाहिलेला असतो. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, जिथे तरुण मुलगा व्यसनात बुडाला आहे, तिथल्या आईला दुःख शिकवायला शुक्रवार लागत नाही. ते तिला ठाऊकच आहे. तिला लागते ती शनिवारची रात्र. अंधारात एका ज्योतीवरून दुसरी पेटते आणि शेजाऱ्याची मेणबत्ती आपली मेणबत्ती पेटविते, हे तिने डोळ्यांनी पाहिले पाहिजे. तिला त्या रात्री घरी ठेवणे हे माझ्या मते धर्मगुरूकडून होणारे मोठे पाप आहे.

या रात्री पाण्याला आशीर्वाद दिला जातो. वसईच्या माणसाला पाण्याचे मोल सांगायला नको. विहीर, रहाट आणि बावखल यांवर आपल्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या उभ्या राहिल्या. आज कित्येक बावखले बुजवून त्यांवर इमारती चढल्या, आणि त्याच काळात बाप्तिस्माही आपण एका कोपऱ्यात बुजविला. रविवारी दुपारी चार नातेवाईक, एक छायाचित्रकार आणि पुढे हॉलवरील मेजवानी, असा तो खाजगी समारंभ झाला. धर्मग्रामात नवे मूल जन्मले याची धर्मग्रामाला वार्ता नसते. प्राचीन ख्रिस्तसभेत बाप्तिस्मा याच रात्री होत असे, आणि सारा समाज नवजातांना आपल्यात घेई.

आपण शताब्द्या साजऱ्या करतो, जाडजूड स्मरणिका काढतो. त्यांत देणगीदारांची छायाचित्रे, प्रमुख धर्मगुरूंची यादी आणि नव्या फरशीचा खर्च असतो. १९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला, याचाही आपल्याला योग्य अभिमान आहे. परंतु धर्मग्रामाचा खरा इतिहासग्रंथ एकच आहे: कचेरीच्या कपाटातील बाप्तिस्म्याची नोंदवही. तीत जमीनदार आणि त्याचा गडी एका पानावर येतात. ती वही जिच्यामुळे लिहिली जाते त्या पाण्याची रात्र ओस ठेवून आपण कोणता इतिहास साजरा करणार?

म्हणून येत्या वर्षासाठी आमच्या धर्मग्रामात काही गोष्टी मी ठरविल्या आहेत, आणि त्या जाहीरपणे लिहितो, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये. जागरण अंधार पडल्यानंतरच सुरू होईल. सातही पाठ वाचले जातील, आणि ते वाचण्याची तयारी सात वाड्यांतील माणसे उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यापासून करतील. ज्या आईबापांची तयारी असेल त्यांच्या बाळांचा बाप्तिस्मा त्या रात्री, सर्वांसमक्ष होईल. चालता न येणाऱ्या वृद्धांना आणण्याची जबाबदारी तरुणांवर राहील. विधी संपल्यावर आवारात सर्वांसाठी चहा असेल, घाई नसेल.

शुक्रवारी प्रभूच्या मूर्तीला खांदा देणाऱ्या घराण्यांना माझी एक विनंती आहे. त्या शनिवारी पाश्काच्या मेणबत्तीमागे पहिल्या रांगेत तुम्हीच चाला. तुमच्या पूर्वजांनी मृत प्रभू उचलला, कारण त्यांच्या हाती तेवढेच दिले गेले होते. तुमच्या हाती आज रात्र आहे, भाषा आहे, ज्योत आहे. आणि त्या लहानग्याला, जो आता मोठा झाला असेल, मी पुन्हा पहिल्या बाकावर बसायला बोलावणार आहे. मेणबत्ती पेटली आहे की नाही, हे या वेळी त्याला कुणाला विचारावे लागणार नाही.