मुक्या सोबत्याचे ऋण

मनुष्याने जे जे प्राणी आपल्या घरादाराशी जोडून घेतले, त्यांत कुत्रा हा सर्वांत आधीचा होय. गाय, बैल, घोडा ही मंडळी पुष्कळ मागाहून आली. निदान चौदा हजार वर्षे तरी कुत्रा मनुष्याच्या शेकोटीपाशी बसत आला आहे. तेव्हा त्याच्या इमानाचे गोडवे धर्मग्रंथांतूनही गायिले गेले, यात नवल नाही. महाभारतातील धर्मराजाने सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले. बायबलातील तोबिताच्या ग्रंथात त्याचा मुलगा दूरच्या प्रवासास निघतो, तेव्हा कुत्राही त्याच्या मागून चालू लागतो. लूककृत शुभवर्तमानात धनिकाच्या दारी पडलेल्या लाजराजवळ येऊन त्याच्या जखमा चाटतात ते कुत्रेच.

परंतु कुत्रा मनुष्याशी किती इमानाने वागला, हे सांगणारे जितके आढळतात, तितके मनुष्य कुत्र्याशी किती इमानाने वागला, हे विचारणारे आढळत नाहीत. हा प्रश्न मला माझ्या घरीच विचारावा लागला, म्हणून तो येथे मांडतो.

आमच्या वसईत कुत्रा हा शोभेचा प्राणी कधीच नव्हता. केळीच्या आणि भाजीच्या वाडीची राखण करणे, रात्री परक्याची चाहूल देणे, ही त्याची कामे. आमच्याकडे काळी नावाची एक कुत्री होती. वडील पहाटे फुलांच्या टोपल्या घेऊन गाडी गाठावयास निघत, तेव्हा ती त्यांना मोठ्या रस्त्यापर्यंत पोहोचवी आणि परत येऊन बांधावर बसे. असा तिचा क्रम सात वर्षे चालला. एके दिवशी तिच्या पोटाशी, स्तनाजवळ, हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. "जिरेल आपोआप," असे आम्ही सर्वांनी म्हटले. हरभऱ्याची सुपारी झाली, सुपारीचे लिंबू झाले; तरी ती खाते-पिते, भुंकते, मग आजार कसला, अशी आम्ही मनाची समजूत घातली. अखेर ती धापा टाकू लागली, तेव्हा पशुवैद्याकडे नेली. रोग फुप्फुसांत उतरला होता. "दोन महिने आधी आणावयास हवी होती," एवढेच ते म्हणाले. शेवटल्या दिवशीही पहाटेच्या वेळी ती उठून उभी राहण्याची धडपड करीत होती.

आमचे प्रेम खोटे नव्हते. पण ते आळशी होते, आणि आळशी प्रेमाने मुक्या प्राण्याचे रक्षण होत नाही.

कर्करोग हा केवळ मनुष्याचा रोग आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः शरीरातील पेशी बेसुमार वाढू लागणे हे त्याचे मूळ असल्याने तो कुत्र्यांतही, विशेषतः उतारवयात, वारंवार आढळतो. कुत्रीच्या स्तनांत होणाऱ्या गाठींपैकी जवळजवळ निम्म्या घातक असतात. मात्र पहिला माज येण्यापूर्वीच तिचे निर्बीजीकरण केले, तर हा धोका नाममात्र उरतो. आणखी एक विलक्षण कर्करोग रस्त्यावरील कुत्र्यांत दिसतो. तो मीलनाने, हुंगण्या-चाटण्याने एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातो. कारण त्या गाठीच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या अंगी रुजतात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या रोगाचा उगम चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशिया खंडात एका कुत्र्याच्या शरीरात झाला, आणि त्याच पेशींचा वंश आज जगभर पसरला आहे. मनुष्यास तो होत नाही.

आता यातील समाधानाची गोष्ट ऐका. हा रोग बहुधा बरा होतो, आणि त्याचे औषध ज्या झाडापासून मिळते, ते आपल्या अंगणात उभे आहे. ते झाड म्हणजे सदाफुली. मूळची मादागास्कर बेटावरची ही वनस्पती. कॅनडातील शास्त्रज्ञ मधुमेहावर गुण येतो की काय, हे पाहण्यासाठी तिच्या पानांचा अर्क तपासत होते. तो रक्तातील पांढऱ्या पेशी घटवितो, असे त्यांना अनपेक्षितपणे आढळले. पुढे याच झाडातून व्हिन्क्रिस्टीन हे औषध निघाले आणि 1963 साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना ते आजही दिले जाते, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याची गाठही त्याच्याच आठवड्याच्या अंतराने दिलेल्या काही टोचण्यांनी विरते. मात्र कोणी सदाफुलीची पाने वाटून कुत्र्यास पाजू नयेत. झाड विषारी आहे, आणि औषधाचे मोजमाप पशुवैद्यानेच करावयाचे असते.

कोणी म्हणेल, "माणसांना औषधपाणी मिळत नाही, तेथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात?" हा आक्षेप गरिबाच्या तोंडून आला, तर मी तो मान देऊन ऐकेन. परंतु दया ही शिदोरीसारखी मोजून संपणारी वस्तू नव्हे. मुंबईत परळ येथे 1883 साली बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले, 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आणि त्याच परळात 1941 साली कर्करोगाने पीडित माणसांसाठी टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. जनावरांची कणव पहिल्याने आली, म्हणून माणसांची मागे राहिली नाही. दुसरा आक्षेप रस्त्यावरील कुत्र्यांच्या चावण्याचा. ज्या आईचे मूल चावले गेले, तिचा राग रास्तच आहे. पण निर्बीजीकरण व रेबीजची लस यांनी त्या मुलाचेही रक्षण होते आणि कुत्र्याचेही. येथे दोघांचे हित परस्परविरोधी नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापाशी पैसा नाही, पण डोळे व हात आहेत. रविवारी मिस्सा आटोपून घरी आलात की आपल्या कुत्र्याच्या अंगावरून मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखालूनही, सावकाश हात फिरवा. नवी गाठ, न भरणारी जखम, तोंडाची दुर्गंधी, कारण नसता लंगडणे, अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काही आढळले तर त्याच दिवशी वडिलांच्या कानावर घाला. आणि पालकांस विनंती, की मुलाने असे सांगितल्यास "जिरेल" म्हणू नका. प्रत्येक गाठ घातक नसते. पण ती कोणती, हे सुईने तीतील कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून पशुवैद्यासही कळत नाही. इलाज हाताबाहेर गेलाच, तर निदान त्याच्या यातना कमी करणे आणि अखेरपर्यंत त्याच्याजवळ बसणे, एवढे तरी आपले काम आहे.

कुत्रा आपले दुखणे बोलून दाखवीत नाही. त्याने आपले घर राखले. त्याचे शरीर राखणे आपल्याकडे आले. काळीच्या बांधावर आता सदाफुली फुलली आहे. ती पाहिली की मला औषध आठवत नाही. ज्या दिवशी हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती, तो दिवस आठवतो.