कॅल्शियमच्या शेजारचा रकाना

जिना चढताना मांड्यांत ताकद राहत नाही, बरगड्या आणि कंबर ठणकते, उकिडवे बसले तर उठवत नाही. अशी तक्रार घेऊन रुग्ण आला की आपण कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी करायला सांगतो. कॅल्शियम नॉर्मल येते, डी कमी येते (आपल्याकडे ते बहुतेकांचे कमीच असते) आणि 60,000 युनिटची सॅशे सुरू होतात. सीरम फॉस्फरसच्या रकान्यात टिक करायची मात्र राहून जाते. ही तपासणी महागही नाही आणि दुर्मीळही नाही. तरीही ती राहते, कारण किडनी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त क्रिएटिनिन येते. क्रिएटिनिन गाळणीबद्दल सांगते. गाळलेल्यातले काय परत घेतले याबद्दल काहीच सांगत नाही.

ग्लोमेरुलसमधून गळून आलेल्या फॉस्फेटपैकी 80 ते 90 टक्के प्रॉक्सिमल ट्यूब्यूलच्या पेशी परत घेतात. ग्लुकोजच्या बाबतीत या पेशी आपली कमाल क्षमता गाठेपर्यंत आलेले सगळे ओढून घेतात. फॉस्फेटची ही कमाल क्षमताच दिवसभर खाली-वर होत असते. पेशीच्या ब्रश बॉर्डरवर एनएपीआय-2ए हे सोडियम-फॉस्फेट वाहक असतात आणि एनएचईआरएफ-1 नावाचे प्रथिन त्यांना जागेवर धरून ठेवते. पॅराथॉर्मोन आले की ही पकड सुटते, काही मिनिटांत वाहक आत ओढले जातात आणि लायसोसोममध्ये नष्ट होतात. ते पुन्हा पृष्ठभागावर येत नाहीत; पेशीला नवे घडवावे लागतात.

हाडातल्या ऑस्टिओसाइट पेशींचे एफजीएफ-23 हे संप्रेरक क्लोथो या सहग्राहकाच्या मदतीने हेच घडवून आणते, पण एका महत्त्वाच्या फरकाने. पॅराथॉर्मोन सक्रिय व्हिटॅमिन डी वाढवते, तर एफजीएफ-23 ते पाडते. म्हणजे लघवीतून फॉस्फेट जाते आणि आतड्यातून येणारेही घटते. हाडाला दोन्हीकडून फटका बसतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर फेरिक कार्बोक्सिमाल्टोजकडे पाहा. गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या ॲनिमियात हे इंजेक्शन आज सर्रास वापरले जाते, आणि ते वापरायलाच हवे. लोहाच्या कमतरतेत एफजीएफ-23 जास्त तयार होते, पण त्याचे लगेच तुकडेही होतात. या औषधानंतर ते तुकडे होणे मंदावते, अखंड एफजीएफ-23 वाढते आणि ट्यूब्यूल फॉस्फेट सोडू लागते. 2020 मध्ये ‘जामा’त आलेल्या दोन अमेरिकन चाचण्यांत या औषधानंतर सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचे फॉस्फेट 2 मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली गेले, फेरिक डेरिसोमाल्टोज घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 8 टक्के होते. बहुतेकांना त्रास होत नाही आणि पातळी आपोआप सुधारते. पण ज्यांना जास्त पाळीमुळे किंवा आतड्याच्या आजारामुळे हा डोस वारंवार लागतो, त्यांच्यात ऑस्टिओमलेशिया आणि फ्रॅक्चरपर्यंत मजल गेल्याची नोंद आहे. म्हणून इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी हिमोग्लोबिन चांगले वाढलेली स्त्री ‘अंगात त्राणच नाही हो’ म्हणत असेल, तर तो बाळंतपणाचा शीण म्हणून सोडून देऊ नये.

टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिलची वाट वेगळी आहे. ते रक्ताच्या बाजूने ट्यूब्यूलच्या पेशीत शिरते, साठते आणि मायटोकॉन्ड्रियाला इजा करते. पेशीची ऊर्जाच आटली की सोडियम पंप मंदावतो, आणि त्याच्या जोरावर होणारे सगळेच पुनर्शोषण ढासळते: फॉस्फेट, ग्लुकोज, अमिनो ॲसिड, बायकार्बोनेट. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णाची रक्तातली साखर नॉर्मल आणि लघवीत साखर पॉझिटिव्ह असेल, तर तो लॅबचा घोळ समजू नका. क्रिएटिनिन तेव्हा अगदी नॉर्मलही असू शकते. कमरेच्या एमआरआयला पाठवण्याआधी ही पट्टी तपासणी होऊ शकते.

दोष ट्यूब्यूलचा आहे की नाही हे ठरवायला उपाशीपोटी, एकाच वेळी घेतलेले रक्त आणि लघवी पुरते. समजा सीरम फॉस्फरस 1.8, क्रिएटिनिन 0.8, लघवीत फॉस्फरस 40, क्रिएटिनिन 80. लघवीचे फॉस्फरस गुणिले रक्ताचे क्रिएटिनिन, भागिले रक्ताचे फॉस्फरस गुणिले लघवीचे क्रिएटिनिन, म्हणजे 32 भागिले 144. उत्तर 22 टक्के. रक्तात इतका तुटवडा असताना निरोगी ट्यूब्यूल 5 टक्क्यांहूनही कमी सोडते. इथे ते 22 टक्के सोडते आहे, म्हणजे गळती किडनीतच आहे. ग्लुकोजची सलाइन चालू असताना मात्र हे रक्त घेऊ नका. इन्सुलिन फॉस्फेट पेशींत ढकलते आणि आकडा खोटाच कमी दिसतो. नमुन्यात हिमोलिसिस झाले असेल तर तो खोटाच जास्त येतो.

गळती सापडली की फॉस्फेटची पावडर सुरू करावीशी वाटते, पण फक्त तीच देण्यात धोका आहे. तोंडाने घेतलेल्या फॉस्फेटने पॅराथॉर्मोन वाढते आणि उरलेसुरले वाहकही आत ओढले जातात. एफजीएफ-23 वाढलेल्या दीर्घकालीन आजारांत त्यासोबत कॅल्सिट्रायॉल किंवा अल्फाकॅल्सिडॉल द्यावे लागते ते यासाठीच. टेनोफोव्हिरच्या बाबतीत औषध बदलणे हाच मुख्य उपचार आहे, आणि तो एआरटी केंद्राशी बोलूनच करावा.

सर्वांत जास्त नुकसान लहान मुलांचे होते. दोन वर्षांच्या मुलाचे फॉस्फरस साधारण 4 ते 6.5 असायला हवे. पाय धनुष्यासारखे वाकलेल्या मुलाच्या रिपोर्टवर 2.9 येते, शेजारी मोठ्यांची मर्यादा 2.5 ते 4.5 छापलेली असते, आकडा ठळक होत नाही आणि फाइल बंद होते. मग मुडदूस म्हणून वर्षानुवर्षे व्हिटॅमिन डीचे डोस चालतात. आजार एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमियाचा असेल तर त्यांनी पाय सरळ होत नाहीत, कारण वाढलेल्या एफजीएफ-23 मुळे ट्यूब्यूल फॉस्फेट धरतच नाही. एफजीएफ-23 ला थेट अडवणारे बुरोसुमॅब 2018 पासून वापरात आहे. ते सर्वांच्या खिशाला परवडणारे नाही, पण फॉस्फेट आणि अल्फाकॅल्सिडॉल वेळेवर सुरू झाले तरी मुलाच्या वाढीत फरक पडतो. लॅब चालवणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट सहकाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे: सॉफ्टवेअरमध्ये फॉस्फरसची वयानुसार मर्यादा भरा. आणि बालरोगतज्ज्ञांनो, ती भरली जाईपर्यंत मुलाच्या रिपोर्टवरचा आकडा वयाशी ताडून स्वतः वाचा.