छायाचित्राचे माप आणि वजन



कापडाच्या दुकानातील माल मीटरने मोजला जातो, किराण्याच्या दुकानातील माल काट्यावर. ही दोन्ही मापे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. ऑनलाइन अर्जाला जोडावयाच्या छायाचित्राला मात्र ती दोन्ही एकाच वेळी लागू होतात. त्यांपैकी एक जमले आणि दुसरे चुकले, तरी अर्ज पुढे सरकत नाही.

बिद्री परिसरातील व्यापाराचे वर्ष दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याच्या गळीत हंगामाभोवती फिरते. दुकानाच्या व्यापात मुलामुलींचे अर्ज भरण्याचे काम मागे पडते आणि पुष्कळदा मुदतीच्या अखेरच्या दिवशी, दुकान बंद केल्यावर हाती घेतले जाते. सर्व माहिती भरून होते, शुल्काची व्यवस्थाही झालेली असते आणि छायाचित्रापाशी गाडे अडते. वर्षभर अभ्यास केलेल्या मुलीची परीक्षेची संधी एवढ्याशा कारणाने हुकावी, हे योग्य नव्हे. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

मोबाइलवर काढलेले छायाचित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती पिक्सेल, हे त्या छायाचित्राचे माप. ते साठविण्यास जी जागा लागते ती केबी किंवा एमबीमध्ये सांगतात. हे त्याचे वजन. सुमारे हजार केबी म्हणजे एक एमबी. आजच्या मोबाइलमधील बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपक्यांचे असते आणि त्याचे वजन सहज तीन-चार एमबी भरते.

आता मागणी पाहा. बँकांतील भरतीसाठी आयबीपीएस ही संस्था जी परीक्षा घेते, तिच्या सूचनांत छायाचित्र २०० बाय २३० पिक्सेलचे आणि २० ते ५० केबी वजनाचे मागितलेले असते. स्वाक्षरी १४० बाय ६० पिक्सेलची आणि १० ते २० केबीची. २०० बाय २३० म्हणजे अवघे ४६,००० ठिपके. मूळ छायाचित्राच्या सुमारे २६०वा हिस्सा. येथे किमान मर्यादाही आहे, हे विसरू नये. वजन २० केबीहून कमी झाले तरी छायाचित्र नाकारले जाते. व्यापाऱ्यांनाही हा नियम चुकलेला नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीची नोंदणी करताना मालकाचे वा भागीदाराचे छायाचित्र जेपीईजी प्रकारचे आणि १०० केबीच्या आत असावे लागते. मापे प्रत्येक अर्जाची निराळी. म्हणून त्या त्या जाहिरातीतील सूचनाच प्रमाण मानावी.

काम करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम छायाचित्र कातरावे, मग माप कमी करावे आणि शेवटी वजन पाहावे. मोबाइलचे उभे छायाचित्र साधारण तीनास चार या प्रमाणात असते. ते न कातरता बळेच २०० बाय २३० मध्ये बसविले, तर चेहरा रुंद आणि बसका दिसतो. आधी मागितलेल्या प्रमाणात कातरले की ही विकृती टळते. संगणकावरील पेंट या साध्या प्रोग्राममध्ये कातरण्यासाठी ‘क्रॉप’ आणि माप बदलण्यासाठी ‘रिसाइज’ ही सोय असते. ‘रिसाइज’मध्ये टक्केवारीऐवजी पिक्सेल निवडावे आणि हवा तो आकडा लिहावा.

काही जण माप तसेच ठेवून केवळ वजन उतरवतात. त्याचा परिणाम चांगला होत नाही. जेपीईजी ही पद्धत १९९२ मध्ये प्रमाणित झाली. तिच्या मुळाशी असलेले गणित बेंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले होते. या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून, डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळला जातो. फार मोठे चित्र फार थोड्या केबीत कोंबले, की गाळणे अतिरेकी होते आणि चेहऱ्यावर चौकोनी ठिगळे दिसू लागतात. आयफोनधारकांनी आणखी एक पाहावे. २०१७ पासून त्या फोनमधील छायाचित्रे पुष्कळदा एचईआयसी या निराळ्या प्रकारात साठविली जातात. अर्ज जेपीईजीच मागत असेल, तर आधी तो प्रकार बदलून घ्यावा लागतो.

येथवर अर्जाचे झाले. परंतु याहून मोठी हानी अर्ज भरून झाल्यावर होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. लहान केलेले छायाचित्र मूळ नावानेच जतन केले, तर मूळ छायाचित्र पुसले जाते. गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही. माप वाढवून चित्र मोठे होते, स्पष्ट होत नाही. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने २०० पिक्सेलचे छायाचित्र कागदावर पाऊण इंचही रुंद होत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या श्रद्धांजलीसाठी, आजी-आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी छायाचित्र शोधावे आणि हाती केवळ अर्जापुरते केलेले धूसर चित्र लागावे, हे दुःख टाळता येण्याजोगे आहे. व्हॉट्सॲपही पाठविताना छायाचित्र लहान करते. म्हणून छपाईसाठीचे छायाचित्र त्यावरून पाठविताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. ते मूळ स्वरूपात पोहोचते.

प्रत आणि मूळ यांतील हा विवेक आपल्या समाजाला नवा नाही. आपल्या बिद्रीच्या नावाशी जवळीक सांगणाऱ्या कर्नाटकातील मूडबिद्रीत षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके जपली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद अशा व्यापारी श्रावकांच्या प्रयत्नांतून त्यांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून अमरावतीहून धवला छापून प्रसिद्ध होऊ लागली. प्रती सर्वत्र गेल्या, अभ्यासकांच्या उपयोगी पडल्या. परंतु पाठाविषयी शंका आली तेव्हा निर्णयासाठी मूडबिद्रीच्या ताडपत्रांकडेच जावे लागले. प्रत फिरावी, मूळ राहावे, हीच ती दृष्टी होय.

घरात ती अशी पाळता येईल. संगणकावर वा मोबाइलवर दोन कप्पे करावेत, ‘मूळ’ आणि ‘अर्जासाठी’. मूळ कप्प्यातील छायाचित्रास हात लावू नये. त्याची प्रत दुसऱ्या कप्प्यात घ्यावी, तिचेच माप बदलावे आणि नावात ते माप लिहून ठेवावे. मूळ कप्प्याची आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर, दुकानाच्या हिशेबाच्या कागदांबरोबर ठेवावी. छायाचित्र लहान करून देणारी मोफत संकेतस्थळे पुष्कळ आहेत. परंतु आधार, पॅन आणि स्वाक्षरी अनोळखी ठिकाणी चढवू नयेत. जे काम घरच्या संगणकावर दोन मिनिटांत होते, त्यासाठी आपली ओळखपत्रे परक्याच्या हाती देण्याचे कारण नाही. आणि हे सर्व मुदतीच्या आठ दिवस आधी करून ठेवावे, म्हणजे अखेरच्या रात्री कोणाच्याही घरात धावपळ होणार नाही.