कॅमेऱ्याची पारध

“हल्लीं बंदूक कोण हातीं धरतो? आम्ही फक्त कॅमेरा घेऊन जातों, त्यानें पक्ष्याचें एक पीसहि गळत नाहीं,” हें समर्थन सुशिक्षित मंडळींच्या तोंडून आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याची एकदां झडती घेणें अवश्य झालें आहे. वाघ-बिबट्यांच्या बाबतींत तें कितपत खरें आहे हें त्या विषयाचे जाणते सांगोत. तणमोराच्या बाबतींत तें साफ खोटें आहे.

तणमोर हा माळढोकाच्या कुळांतील, कोंबडीएवढा, भुईवर अंडीं घालणारा पक्षी. पावसाळा लागला कीं वऱ्हाडांत अकोला-वाशीमकडे, माळव्यांत सैलान्यास, राजस्थानांत अजमेरजवळ शोकलियास अशा मोजक्या ठिकाणीं तो विणीसाठीं येतो. सैलान्यास १९८३ सालींच त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. तथापि २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघास त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गांत घालावें लागलें.

या दिवसांत काळ्या-पांढऱ्या पिसांचा, डोक्यामागें तुरे मिरविणारा नर गवतांतून पुरुषभर उंच उडी घेतो व पुन्हां गवतांत बुडतो. दिवसांतून शेंकडों वेळां. गवतांत दडलेल्या मादीस आपण दिसावें एवढाच त्याचा हेतु. एकोणिसाव्या शतकांत हीच उडी साहेबांच्या बंदुकीस नेम दाखवीत असे. आज ती लांब भिंगास दाखविते. चांगली जागा मिळावी म्हणून मोटार कुरणांत घालावयाची, नर बुजला तर त्याच्या मागें दुसऱ्या बांधापर्यंत जावयाचें, आणि घरीं परतून ठिकाणाच्या नांवासकट चित्र चारचौघांत मिरवावयाचें. म्हणजे पुढच्या रविवारीं आणखी चार मोटारी हजर! बुजलेला नर उडी थांबवितो आणि त्याचा हंगाम वायां जातो. आणि मादी? ती एकटीच तीन-चार अंडीं सुमारें तीन आठवडे उबविते. पाऊल अगदीं जवळ येईपर्यंत ती निश्चळ बसून राहते. ती उठली कीं अंडीं कावळ्याला, मुंगसाला, गांवच्या कुत्र्याला मोकळीं होतात. छायाचित्रकारास यांतलें कांहींच दिसत नाहीं. त्याच्या चित्रांत नर आहे, हिरवें गवत आहे, ढग आहेत. चाकाखालीं काय गेलें तें चित्रांत येत नाहीं.

कोणी म्हणेल, कुरणें नांगराखालीं गेलीं, कीटकनाशकांनीं टोळ-नाकतोडे मेले. त्यापुढें चार हौशी माणसांचें तें काय? हीं कारणें मोठीं आहेत, हें आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु नांगर धरणारा पोटासाठीं धरतो. आमची तर निव्वळ करमणूक. आणि जी जात उरलीच शेंकड्यांनीं, तिचीं दहा घरटीं मोडणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तर पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणें याचाहि समावेश ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येंत केला आहे. पण तणमोर बहुधा अभयारण्याबाहेर, गायरानांत व सोयाबीनच्या शेतांत उतरतो. तेथें फाटक नाहीं, चौकीदार नाहीं.

एक गोष्ट आम्हांस विशेष बोंचते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांमुळें ज्या पारध्यांच्या कपाळीं जन्मतःच शिक्का बसला, त्यांच्यांतलींच कांहीं फासेपारधी मंडळी आज अकोला-वाशीमकडे तणमोराचा माग काढून कुरणें राखण्याच्या कामीं लागलीं आहेत. त्यांनीं फासे खालीं ठेवले, आणि पदवीधर निसर्गप्रेमी त्याच कुरणांत मोटार घालतो!

आमचें मागणें फार नाहीं. आषाढापासून भाद्रपदापर्यंत कुरणांत पाऊल घालूं नये. ठिकाण जाहीर करूं नये. आणि छायाचित्रांच्या स्पर्धा भरविणाऱ्यांनीं विणीच्या हंगामांतील तणमोराचें चित्र स्वीकारूं नये. हें शेवटचें झालें तर पहिलीं दोन आपोआप होतील, असा आमचा कयास आहे. मुलांना तणमोर दाखवावयाचाच असेल तर गाडी सडकेवर ठेवावी, दुर्बीण त्यांच्या हातीं द्यावी व वाट पाहावी. ती उडी लांबून दिसावी म्हणूनच घेतलेली असते.