वेग आणि वळकटी

गणपतीला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कोकणातील घरी जाणाऱ्या मुंबईकर कुटुंबापुढे हल्ली एक नवाच पेच उभा राहतो. पूर्वी चिंता असे ती गाडीत जागा मिळेल की नाही, एवढीच. आता तिकिटाच्या खिडकीशी (किंवा आजच्या रिवाजाप्रमाणे हातातल्या फोनशी) बसण्यापूर्वीच घरात वाद सुरू होतो. मुलांना वंदे भारतने जावयाचे असते. आजीचे म्हणणे असे की, आपली मांडवीच बरी. ती आपल्या गावच्या स्टेशनावर उभी तरी राहते. घरातील कर्ता पुरुष आणि त्याची पत्नी मधल्या मध्ये सामानाची यादी पाहत बसतात. हा वाद घरगुती दिसला तरी त्याच्या मुळाशी रेल्वेच्या धोरणाचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा आम्ही येथे करीत आहो.

प्रथम वेगाचा हिशेब पाहू. आम्ही काही वर्षे मास्तरकी केली असल्यामुळे काळ, काम आणि वेग ह्या त्रैराशिकाची खोड अजून सुटलेली नाही. मुंबई ते मडगाव हे अंतर सुमारे ५८० किलोमीटरांचे. २७ जून २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारत ते कोरड्या ऋतूत सुमारे पावणेआठ तासांत तोडते. म्हणजे सरासरी वेग ताशी पंचाहत्तर किलोमीटरांच्या आसपास पडतो. ज्या गाडीची घडण ताशी १८० किलोमीटरांसाठी झाली आहे, तिचा हा वेग! मांडवीला ह्याच प्रवासाला सुमारे बारा तास लागतात. चार तासांची बचत खरी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. पण गणेशचतुर्थी नेहमी भाद्रपदात येते, आणि कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालू असते. दरडींच्या भयाने, आणि ते भय रास्तच आहे, त्या काळात सर्वच गाड्यांचा वेग उतरविला जातो. आरंभापासून पावसाळ्यात वंदे भारतला मडगाव गाठावयास सुमारे दहा तास लागत आले आहेत, आणि ती आठवड्यातून सहाऐवजी तीनच दिवस सुटत आली आहे. म्हणजे कोकणी माणूस ज्या दिवसांत खरोखर गावी जातो, त्याच दिवसांत वेगवान गाडीचा वेगही ओसरतो आणि फेऱ्याही निम्म्यावर येतात. जाहिरातीतील चित्रात मात्र पाऊस नसतो.

दुसरी गोष्ट थांब्यांची. ही गाडी सुरू झाली तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून तिला तीन थांबे देण्यात आले : खेड, रत्नागिरी आणि कणकवली. चिपळूणच्या माणसाने तीसेक किलोमीटर आधी खेडला उतरावयाचे. कुडाळच्या माणसाने कणकवलीला उतरून पुढचा तितकाच रस्ता एस. टी.ने किंवा रिक्षाने काटावयाचा. संगमेश्वर, राजापूर, सावंतवाडी ह्या गावांचीही हीच कथा. रुळांवर वाचविलेले तास दीड तास ह्या शेवटच्या टप्प्यात परत द्यावे लागले, आणि वर रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागली, तर त्या बचतीचा जमाखर्च कुटुंबाने कसा मांडावा?

आणि आता मुख्य मुद्दा, सामानाचा. कोकणात जाणारे कुटुंब एका चाकाच्या बॅगेत मावत नाही, हे ज्याने दादरच्या फलाटावर भाद्रपदातील एक पहाट काढली आहे त्यास सांगावे लागणार नाही. जाताना मखराचे साहित्य, भावकीला द्यावयाचे कपडे, म्हाताऱ्यांची औषधे, एखादे नवे मिक्सरचे खोके. येताना नारळ, कोकमे, कुळथाचे पीठ, घरच्या तांदळाची गोणी आणि मे महिना असेल तर आंब्याच्या पेट्या. हे ओझे म्हणजे हौस नव्हे. ती गावच्या घराशी चाललेली देवघेव आहे. आमच्या लहानपणी कोकणात रेल्वे नव्हती. एस. टी.च्या टपावर वळकट्या चढत आणि त्यांवर ताडपत्री पडे. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा अनेक घरांत पहिला आनंद झाला तो ह्या ओझ्याला बाकाखाली जागा मिळाल्याचा.

रेल्वेचे नियम ह्या बाबतीत वाचनीय आहेत. शयनयानात माणशी चाळीस किलो सामान विनामूल्य नेता येते, वातानुकूलित खुर्चीयानातही चाळीसच. साध्या दुसऱ्या वर्गात पस्तीस. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ह्याच्या निम्मे. वजनाच्या दृष्टीने पाहता शयनयान आणि खुर्चीयान ह्यांत काहीच भेद नाही, असे वाटेल. परंतु नियमाचे पुढले कलम आकाराचे आहे. सर्वसाधारण डब्यात १०० × ६० × २५ सेंटिमीटरांची पेटी चालते. वातानुकूलित खुर्चीयानात मात्र ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटरांहून मोठी चालत नाही. गुणाकार करून पाहावा. वजन तेवढेच मान्य, पण पेटीचा आकार एकतृतीयांशाच्या किंचित वर! मिक्सरचे खोके ह्या मापात बसेल, आंब्याची मोठी पेटी बसेलच असे नाही, आणि तांदळाच्या गोणीचा तर विचारच सोडावा. शिवाय शयनयानात खालच्या बाकाखाली प्रशस्त जागा असते आणि साखळी अडकविण्यास कडी असते. खुर्चीयानात एका बाजूस तीन व एका बाजूस दोन अशा खुर्च्या, मध्ये अरुंद वाट, आणि सामानासाठी डोक्यावरची फळी. पंचवीस किलोची बॅग त्या फळीवर चढविणार कोण? आजी की सहा वर्षांचा नातू?

जादा सामान पैसे भरून सामानाच्या डब्यातून न्यावे, असे नियम सांगतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांना असा डबा असतो आणि स्थानकावर त्याचे कार्यालयही असते. वंदे भारत हा सलग जोडलेला संच असून त्याला सामानाचा वेगळा डबाच नाही. म्हणजे जादा ओझ्याचे भाडे भरण्यास प्रामाणिक उतारू तयार असला, तरी ते सामान त्याच गाडीने नेण्याची सोय नाही. त्यातून दारे स्वयंचलित. मधल्या स्थानकांवर गाडी दोनेक मिनिटे उभी राहते, आणि तेवढ्यात तीन मोठी माणसे, दोन मुले व अकरा नग खाली उतरावयाचे. साध्या गाडीत असा प्रसंग आला की, शेजारचा उतारू न सांगता उठतो, एक बॅग उचलतो आणि दारातून खाली देतो. नव्या गाडीतील लोक कमी सुजन आहेत असे नव्हे, पण तेथे दार माणसाच्या हातात नाही.

भाड्याच्या तपशिलात आम्ही शिरत नाही. खुर्चीयानाचे भाडे शयनयानाच्या कित्येक पट आहे, हे सर्वश्रुत आहे. फक्त एक बाब नोंदवावयाची. साध्या गाडीत पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र बर्थ न घेता निम्म्या भाड्यात नेता येते. वंदे भारतमध्ये ही सवलत नाही. मुलाचे तिकीट पूर्ण.

इतके लिहिल्यावर आम्हांस वेगाचे वैरी ठरविले जाईल. तसे नाही. रत्नागिरीस निघालेले, एकेक लहान बॅग घेतलेले वृद्ध जोडपे, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतणारा रुग्ण, दोन दिवसांच्या रजेवर आईला भेटावयास जाणारी नोकरदार मुलगी, ह्या सर्वांना ही गाडी वरदान आहे. तिची स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत, आणि तेवढ्यासाठीही कित्येक स्त्रिया चार पैसे जास्त मोजतील. आमचा आक्षेप गाडीला नसून, एका गाडीच्या कौतुकात दुसरीची आबाळ होते, तिला आहे.

ही आबाळ कशी होते, तेही पाहावे. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. रोहा ते वीर हा सुमारे सत्तेचाळीस किलोमीटरांचा टप्पा तेवढा २०२१ साली दुहेरी झाला. एकेरी मार्गावर जलद गाडी पुढे काढावयाची तर मंद गाडीला बाजूच्या रुळावर उभे राहावेच लागते. मांडवीचे आणि सावंतवाडी गाडीचे बारा-बारा तास इंजिन मंद म्हणून होत नाहीत. त्यांतला बराच काळ वाट पाहण्यात जातो. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर करोनाच्या साथीनंतर काही वर्षे दिव्यापर्यंतच येत राहिली. दिव्याला उतरून, ओझ्यासह पूल चढून, भरलेल्या लोकलमध्ये शिरणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. २०२५ साली गणपतीसाठी ३८० विशेष फेऱ्यांची घोषणा झाली, ती स्वागतार्हच होती. पण वर्षाचे उरलेले दिवसही लोक गावी जातात. त्याच वर्षी ‘चाकरमानी’ ह्या शब्दाऐवजी ‘कोकणवासी’ म्हणावे, असेही सरकारने ठरविले. नाव बदलले, डोक्यावरची गोणी तीच राहिली.

सामान हा थट्टेचा विषय नव्हे. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन अठरा माणसे मृत्युमुखी पडली. एका उतारूच्या डोक्यावरचे मोठे ओझे पडले आणि त्यामुळे जिन्यावरील लोक अडखळले, असे कारण सरकारने पुढे राज्यसभेत सांगितले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये वांद्रे टर्मिनसवर गोरखपूरच्या अनारक्षित गाडीत शिरताना झालेल्या रेटारेटीत अनेकजण जखमी झाले होते, आणि त्यानंतरही सामानाच्या नियमांची आठवण प्रवाशांनाच करून देण्यात आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर विमानतळाप्रमाणे स्थानकावर सामान तोलणार, अशी बातमी पसरली. नियम जुनेच आहेत, नवे काही नाही, असा खुलासा रेल्वेमंत्र्यांना करावा लागला. नियम जुने आहेत हे खरे. पण ते झाले तेव्हा प्रत्येक गाडीला सामानाचा डबा होता आणि फलाटावर हमाल होता.

ज्या जपानच्या नमुन्यावर मुंबई–अहमदाबाद मार्ग बांधला जात आहे, तेथे हा प्रश्न कसा सोडविला हे पाहण्याजोगे आहे. तोकियोहून पश्चिमेकडे जाणाऱ्या शिनकानसेनमध्ये मे २०२० पासून, लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरांच्या वर आणि २५० पर्यंत असलेल्या बॅगेसाठी डब्याच्या शेवटच्या रांगेमागची जागा आसनाबरोबर आगाऊ राखून ठेवावी लागते. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत. न राखता आणल्यास हजार येन भरावे लागतात. आपल्या नियमातील शंभर सेंटिमीटरांची पेटी ह्या हिशेबाने १८५ होते. म्हणजे जपानी गाडीतही तिला जागा आहे, फक्त ती आधी मागावी लागते.

वंदे भारतच्या प्रत्येक डब्यात दाराशी एक रांग कमी करून असे फडताळ बसविणे अशक्य नाही. आसनाच्या तिकिटाबरोबर सामानाचा नग नोंदविण्याची सोय करणे त्याहूनही सोपे आहे. तोपर्यंत चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या कुटुंबाने आजीचेच ऐकावे, असा आमचा सल्ला आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण एकशेवीसऐवजी साठच दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवून मांडवीचे किंवा रात्रीच्या कोकणकन्येचे शयनयान गाठावे, आणि गोणी सामानाच्या डब्यात टाकावयाची असल्यास गाडीच्या वेळेपूर्वी निदान तासभर त्या कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहावे. खिडकी उघडी असेल तर.