खुडूक कोंबडी: बसवायची की उठवायची?

कागल तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र या महिन्यात आले. त्यांच्याकडे सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. सगळ्यांत चांगली अंडी देणारी तांबडी कोंबडी आठ दिवसांपासून खुराड्याच्या कोपऱ्यात बसून आहे. अंडे देत नाही, हात नेला की पिसे फुलवून टोचते, दाणे टाकले तरी चटकन उठत नाही. सासूबाई म्हणतात, बादलीत दोन-चारदा बुचकळ, ताळ्यावर येईल. जाऊबाई म्हणतात, नाकातून पीस घाल. "कुठलं औषध द्यावं?" असे त्यांनी विचारले आहे. शेवटी जरा संकोचून लिहिले आहे, की मुलीच्या क्लासची फी अंड्यांच्या पैशांतून जाते, म्हणून घाई आहे.

औषध नको. ही कोंबडी आजारी नाही, खुडूक आहे.

गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी देते आणि मग तिच्या शरीरात बदल होतो. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक वाढते. बाळंतिणीच्या अंगात दूध आणणारे संप्रेरकही हेच. कोंबडीत ते अंडी देणे थांबवते आणि तिला एका जागी बसवते. पोटाखालची पिसे गळतात, तिथली कातडी उघडी आणि गरम होते, कारण अंड्याला ऊब लागायची ती कातडीची, पिसांची नव्हे. दिवसातून एकदा ती उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, एक मोठी आणि भयंकर वासाची विष्ठा टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. खाणे कमी होणे, वजन उतरणे, तुरा फिका पडणे हे सगळे त्यातच आले.

आता खरा प्रश्न. तिला बसवायचे की उठवायचे?

साधा हिशेब करू. बसवली तर २१ दिवस अंड्यांवर जातील आणि पुढचे सहा ते आठ आठवडे पिल्लांमागे. म्हणजे अडीच महिने त्या कोंबडीचे एक अंडे मिळणार नाही. उठवली तर आठवड्या-दोन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येईल आणि या अडीच महिन्यांत फार तर पंचवीस अंडी देईल, कारण मध्ये ती पुन्हा खुडूक बसण्याचीच शक्यता जास्त. दुसऱ्या बाजूला, अकरा अंड्यांवर बसवली, त्यातून आठ पिल्ले निघाली आणि पाच मोठी झाली असे धरले तर पाच महिन्यांनी अंगणात पाच गावठी पक्षी उभे असतात. दोन-तीन तलंगा अंड्यावर येतात, कोंबडे विकले जातात किंवा ईदला घरातच लागतात. पंचवीस अंडी आणि पाच पक्षी यांची तुलना करायला शाळेत जावे लागत नाही.

पण या हिशेबातले 'पाच मोठी झाली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिला महिना पिल्लांवर लक्ष ठेवायला घरात कुणी नसेल, झाकायला डालगे नसेल, शेजारी तीन मांजरे असतील, तर आठातले एखादेच उरते आणि कोंबडीचे अडीच महिनेही जातात. अशा घरी उठवलेलीच बरी. फी दर महिन्याला भरायची असते, हेही खरे. म्हणून माझे मत असे, की सहांपैकी एक बसवावी आणि बाकीच्यांची अंडी विकत राहावीत. सगळ्या एकदम खुडूक बसत नाहीत. दुसरी बसलीच, तर दोघींना एकाच रात्री अंड्यांवर बसवावे. पिल्ले निघाली की दोन-तीन दिवसांच्या आत, रात्रीच्या अंधारात, सगळी एकीच्या पंखाखाली सरकवावीत आणि दुसरीला मोकळे करावे. एक कोंबडी पंधराएक पिल्ले सहज सांभाळते.

उठवायचीच असेल तर बुचकळू नका आणि नाकात पीसही घालू नका. थंडीत भिजलेली कोंबडी आजारी पडते, आणि पिसाच्या यातनेने तिचे संप्रेरक लवकर उतरते असे मानायला काही आधार नाही. उजेडाच्या, हवेशीर जागी जाळीच्या किंवा फटी असलेल्या फळ्यांच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून वारा लागला पाहिजे, बसायला मऊ काही मिळता कामा नये. दाणापाणी मात्र पुरेपूर द्या. बहुतेक कोंबड्या एवढ्याने उठतात. प्रवासात साथीदारांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती कासावीस होऊन फडफडू लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती परत ठेवायला लावली, हा अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातला प्रसंग आपल्यापैकी अनेकींनी लहानपणी ऐकला आहे. तो ऐकलेल्या हाताने कोंबडीच्या नाकात पीस जाऊ नये.

बसवायचे ठरले तर आधी अंडी पाहा. अंडे कोंबडा फिरत असलेल्या कळपातलेच हवे. दुकानातल्या पांढऱ्या इंग्लिश अंड्यातून पिल्लू निघत नाही, कारण त्या पिंजऱ्यांत कोंबडा नसतोच. अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. फ्रीजमधली नकोत, धुतलेली नकोत, कवचाला बारीक चीर असलेली नकोत. साठवताना निमुळते टोक खाली ठेवून तांदळात किंवा गव्हात खोचून, घराच्या गार कोपऱ्यात ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ठेवलेली अंडी वाया जातात ती याच कारणाने: घरातल्या उकाड्यात जीव अर्धवट वाढू लागतो आणि कोंबडी बसण्याआधीच मरतो. पावसाळ्यात पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडे ओल आणि गारठा पिल्ले टिकू देत नाही. दिवाळीनंतर बसवलेली कोंबडी सगळ्यांत सुखाची.

किती अंडी? कोंबडीच्या पोटाखाली झाकली जातील तेवढी, म्हणजे नऊ ते बारा. जुन्या बायका विषमच अंडी ठेवतात, नऊ किंवा अकरा. त्याला शास्त्र नाही, नुकसानही नाही. काही घरांत विजेच्या भीतीने अंड्यांत लोखंडाचा खिळा किंवा कोळसा ठेवतात. तो ठेवलात तर अंड्याला टोचणार नाही एवढे बघा. हावरटपणाने अठरा अंडी ठेवली तर कडेची आलटून पालटून गार पडतात आणि शेवटी बारामधून निघाली असती त्यापेक्षा कमी पिल्ले निघतात.

बुट्टीत खाली दोन बोटे कोरडी माती किंवा राख, वर भाताचे पिंजर. जागा अंधारी, शांत आणि इतर कोंबड्यांपासून वेगळी. नाहीतर दुसऱ्या कोंबड्या तिथेच येऊन अंडी घालतात आणि एकविसाव्या दिवशी कुठले अंडे कधीचे हे कुणालाच कळत नाही. पेन्सिलीने प्रत्येक अंड्यावर खूण करून ठेवावी. बसवण्याआधी कोंबडीचे पंख उचलून उवा-पिसवा पाहाव्यात, अंगावर चाळलेली राख चोळावी, पिंजरात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. पिसवांनी बेजार झालेली कोंबडी पंधराव्या दिवशीही अंडी सोडून उठते. नव्या जागी हलवायची असेल तर रात्रीच हलवा. अंधारात ती ती जागा आपली मानते, दिवसा मानत नाही.

त्यानंतर तुमचे काम थोडे. कोंबडी अंड्यांना ३७-३८ अंश ऊब देते, चोचीने दिवसातून कितीतरी वेळा अंडी फिरवते, कडेची मध्ये घेते. तुम्ही जवळ दाणे आणि पाणी ठेवा, आणि ती रोज एकदा उठते आहे ना, ते पाहा. काही कोंबड्या इतक्या कट्टर असतात, की त्यांना उचलून बाहेर ठेवावे लागते. सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडे मोबाईलच्या दिव्यावर धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे जिवंत आहे. स्वच्छ, रिकामे दिसले तर ते फळलेले नाही, काढून टाका. चौदाव्या दिवशी पुन्हा पाहा आणि वास येणारे अंडे तेवढ्यात दूर करा. ते फुटले तर बाकीच्यांवर घाण बसते.

अठराव्या दिवसापासून मात्र हात लावू नका. या शेवटच्या दिवसांत अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हलक्या आवाजात उत्तर देते. आईची ओळख कवचाच्या आतच सुरू होते. कवचाला पहिले भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. मुले मध्येच कवच सोलायला धावतात, त्यांना आवरा. त्या वेळात पिल्लाच्या रक्तवाहिन्या आटत असतात आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोललेले पिल्लू रक्तबंबाळ होते. तोच बलक त्याला पुढचे दोन दिवस पुरतो, म्हणून पहिल्या दिवशी दाणा खाल्ला नाही तरी घाबरायचे कारण नाही.

पिल्ले निघाली की खरी परीक्षा. घार, कावळा, मांजर, मुंगूस, धामण यांतले निम्मे शत्रू शहरातल्या गल्लीतही आहेत. पहिले दोन-तीन आठवडे आई आणि पिल्ले डालग्याखाली. मोकळे सोडायचे तर ऊन असताना आणि कुणीतरी समोर बसलेले असताना. पाणी उथळ झाकणात, त्यात चार खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खायला तांदळाची कणी, मक्याचा बारीक भरडा, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून. नुसत्या कणीवर पिल्ले जगतात पण वाढत नाहीत. शेण आणि काडीकचरा ओला करून पालथ्या मडक्याखाली ठेवला तर वाळवी लागते, तिच्यासारखा खुराक नाही. आई स्वतः खात नाही, आधी कुकूकू करून पिल्लांना बोलावते. म्हणून तिलाही वेगळे घाला, ती २१ दिवसांची उपाशी आहे.

आणि लस. मानमोडी एकदा वस्तीत शिरली की आठवडाभरात खुराडी रिकामी होतात, आणि तिच्यावर इलाज नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याने पुन्हा, आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावा. अडचण एकच. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. आठ पिल्लांसाठी कुणी ती फोडत नाही, म्हणून आठ पिल्लांची लस राहून जाते. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवावा, कुपी बर्फातून आणावी आणि पक्षी खुराड्यात शिरले की संध्याकाळी सगळ्यांचे एकदम उरकावे. पुरुषांची वाट पाहू नका. थेंब सोडायला ताकद लागत नाही.

काही भगिनी विचारतील, कोल्हापुरात सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र असताना एवढा खटाटोप कशाला? यंत्राने अंडी उबवणे नवे नाही. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ यांनी सन १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये हजारो अंडी भट्ट्यांत उबवली जाताना पाहिली आणि बारकाईने लिहून ठेवली. तिथे कोंबडीने अंडी उबवणेच दुर्मीळ झाले होते, असे ते सांगतात. आपल्याकडेही तसेच होऊ घातले आहे. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज या जाती वजनाला आणि अंड्यांना गावठीपेक्षा सरस आहेत, जरूर पाळाव्यात. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी देत राहावीत म्हणून खुडूकपणा निवडीतून काढूनच टाकलेला असतो. कळप म्हातारा झाला की पुन्हा विकत आणणे आले. शिवाय त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिल्ले आईबापांसारखीच भरतील याची खात्री नाही. अंगणातल्या सगळ्या कोंबड्या अशा झाल्या तर पुढच्या वर्षीचा कळप पैसे असतील तरच उभा राहतो. शिरोळकडच्या बायकांना विचारा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हातात रोख नसताना कळप पुन्हा उभा करायचा, तर एक कोंबडी, एक कोंबडा आणि एकवीस दिवस एवढेच भांडवल असते.

म्हणून खुडूक बसणारी, पिल्ले नीट सांभाळणारी कोंबडी पाहुण्यांसाठी कापू नका, कितीही भरलेली असली तरी. तिचीच अंडी पुढच्या खेपेला तिच्याखाली ठेवा, कारण हा गुण लेकींत उतरतो. गिरिराजची अंडीही तिच्याखाली ठेवता येतात. बदकाची ठेवलीत तर २८ दिवस लागतील, आणि पुढे पिल्ले डबक्यात उतरल्यावर काठावर तिची जी तगमग होते ती बघवत नाही.

शेजारणीला हवी असेल तर ती उसनीही देता येते. अंडी शेजारणीची, कोंबडी तुमची, पिल्ले निम्मी निम्मी, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. फक्त कोंबडी रात्रीच न्या, आणि मेलेले पिल्लू कुणाच्या वाट्याचे धरायचे ते आधीच बोलून घ्या.