घरगुती यंत्रविचार : झडपांचा मुहूर्त

ज्या घरांत वडिलांच्या अथवा आजोबांच्या वेळची फियाट अद्यापि अंगणांत उभी आहे, तेथें केव्हां ना केव्हां तिचें इंजिन उकलण्याचा प्रसंग येतोच. आमच्या सीताबर्डीसारख्या जुन्या वस्तींत अशीं घरें आहेत, आणि हें काम स्वतः करूं पाहणारे होतकरू तरुणहि आहेत. त्यांच्यासाठीं हे चार शब्द.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होई. पुढें तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें. इंजिन चार नळकांड्यांचें, १०८९ घनसेंटिमीटरचें. मुंबईची टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. सबब तिचा एखादा भाग मोडला, तर नवा सहज मिळेल अशा भरंवशावर राहूं नये.

इंजिनाचें कार्य चार पदांत चालतें : शोषण, संपीडन, स्फोट व उत्सर्जन. तेवढ्यांत मुख्य दंड, म्हणजे क्रँकशाफ्ट, दोन फेरे घेतो. परंतु प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची असते; म्हणून ती उघडणारा कॅमशाफ्ट एकच फेरा घेतो, आणि साखळीनें जोडलेल्या त्याच्या चाकास क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दांते असतात. या दोहोंचा संबंध अचूक बसविणें यालाच मिस्त्री लोक 'टायमिंग मिळविणें' म्हणतात. शोषणाची झडप दट्ट्या शिखरास पोंचण्याच्या किंचित् आधीं उघडते, आणि तो तळाहून परतूं लागल्यावर मिटते. कारण हवेलाहि वेग घेण्यास व थांबण्यास अवधि लागतो.

प्रथम पहिल्या नळकांड्यांतील दट्ट्याचें शिखर शोधावयाचें. तेथें दंड कांहीं अंश फिरला तरी दट्ट्या हालल्यासारखा दिसत नाहीं. नुसत्या डोळ्यांवर विसंबल्यास फसगत व्हावयाची. येथें शुल्बसूत्रकारांची युक्ति आठवते. मध्याह्नीं शंकूची छाया फारच मंद बदलते. म्हणून त्यांनीं शंकूभोंवतीं वर्तुळ काढलें आणि छायेचें टोंक पूर्वाह्णीं व अपराह्णीं परिघास जेथें लागतें, तीं दोन चिन्हें घेतलीं. तीं जोडणारी ती पूर्वापर रेषा. तिचा लंबदुभाजक तो दक्षिणोत्तर. इंजिनाचेंहि तसेंच करावें. वरचें झांकण काढलेलें असतां, दट्ट्याच्या वाटेंत शिखराच्या थोडी खालीं एक पक्की अटक बसवावी. दंड हातानें फिरवून दट्ट्या अटकेस लावावा व पुढच्या कप्पीवर, एका स्थिर टोंकासमोर, खूण करावी. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनें अटकेस लावावा व दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील लहान कंसाचा मध्य तेंच शिखर. अटक काढून दंड तेथें आणावा, दोन्ही चाकांवरील खुणा निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणें जुळवाव्या आणि साखळी चढवावी.

एका दांत्याचें महत्त्व किती ? समजा, कॅमच्या चाकास ४० दांते आहेत. एक दांता चुकल्यास कॅम ९ अंश चुकतो. क्रँकच्या हिशेबानें तेच १८ अंश होतात. एवढ्यानें इंजिन कदाचित् सुरूहि होईल. परंतु ओढ मंदावेल, चाल अस्थिर होईल. चूक याहून मोठी असल्यास उघडी झडप दट्ट्यावर आदळून वांकण्याचा संभव असतो. झिजून लांबलेली साखळीहि कॅमला मागें पाडते. ती पुन्हां घालूं नये.

झांकण बसविल्यावर लगेच किल्ली फिरविण्याची घाई नसावी. स्पार्क प्लग काढून ठेवावे आणि क्रँक हातानें, चालत्या दिशेनें, पूर्ण दोन फेरे फिरवावा. खुणा पुन्हां जशाच्या तशा जुळल्या पाहिजेत. मध्यें कोठें अडल्यासारखें वाटलें, तर बळ न करतां थांबावें व कारण शोधावें.

हातांस तेल लागेल म्हणून सुशिक्षित घरांनीं असल्या कामास कमी लेखूं नये. ज्यांनीं शंकू रोंविला, त्यांनीं तो हातानेंच रोंविला होता.